उमेदीची पहिली तीन वर्षे



शाळेतून बाहेर पडलेली मुले पुढे भिलाईच्या कारखान्यात, नवा रायपूरच्या कार्यालयांत, पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत रुजू होतात. पहिला पगार येतो, घरी पेढे वाटले जातात, आणि सात-आठ महिन्यांनी दूरध्वनीवर एक वाक्य ऐकू येते, "कामात मन लागत नाही." आईवडील म्हणतात, "नोकरी टिकव, मन आपोआप लागेल." ते आपोआप लागत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते.

पंडित माधवराव सप्रे यांचे नाव रायपुरात शाळेच्या पाटीवर रोज दिसते. कदाचित म्हणूनच त्यांच्या तरुणपणाकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचा जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे. मध्यंतरी शिक्षण खंडित झाले, ठेकेदारी करून पाहिली, तीत जम बसला नाही. पुन्हा अभ्यासाला लागून ते १८९८ मध्ये बी. ए. झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरीचे दार उघडे असे. सप्र्यांनी ते टाळले आणि पेंड्र्याच्या राजकुमाराला शिकवण्याचे काम पत्करले. चरितार्थाची सोय झाली. जीव मात्र दुसरीकडे होता.

जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक सप्रे व रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी घरांतले, तिशीच्या आतबाहेरचे. घरात मराठी बोलणाऱ्यांनी भोवतालच्या लोकांसाठी हिंदीत लिहावे, यात कोणाला काही वावगे वाटले नाही. संपादन पेंड्र्यात, छपाई सुरुवातीला रायपुरात व नंतर नागपुरात. दिवसा राजवाड्यातली शिकवणी आणि उरलेल्या वेळात पुढच्या अंकाचा मजकूर, असा तो संसार होता.

सप्र्यांच्या या उद्योगाला 'त्याग' म्हटले की विषय संपतो, आणि त्यातले शिकण्यासारखे तेवढे निसटते. त्यांनी पोटाची नोकरी व आवडीचे काम यांची गल्लत केली नाही. शिकवणीकडून प्रेरणेची अपेक्षा धरली नाही आणि मासिकाकडून भाकरीची. मन प्रसन्न होण्याची वाटही पाहिली नाही. महिना उजाडला की अंक हवा, आणि तो दुसऱ्या दोघांनाही हवा. एकट्याचा उत्साह ओसरतो. वाट पाहणारे सोबती असले की हात चालू राहतो. शिवाय मासिकात नव्या पुस्तकांची परखड समालोचना येई. श्रीधर पाठकांसारख्या नामवंत कवीच्या लेखनाचीही चिकित्सा तेथे झाली. इतरांचे लेखन असे तोलणाऱ्याला स्वतःच्या लेखनात ढिलाई करता येत नाही. १९०१ साली याच मासिकात आलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते.

तरीही मासिक तोट्यातच राहिले. डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद करावे लागले. उमेद असली की पैसा येतोच, असे तरुणांना सांगणाऱ्यांनी हा महिना लक्षात ठेवावा. त्याचप्रमाणे, ज्या कचेरीत नवशिक्याला शिकण्यासारखे काहीच दिले जात नाही, तिथल्या मुलाची तक्रार आळसाची मानू नये. ती बहुधा खरी असते. अशा वेळी नोकरी सोडण्याआधी त्याला विचारण्यासारखा प्रश्न एवढाच, की महिन्याकाठी तू स्वतःच्या मापाने पूर्ण करतोस असे एखादे काम आहे का, आणि त्याची वाट पाहणारा कोणी आहे का.

मासिक बंद झाले तेव्हा तिघांच्या हाताशी तीन वर्षांचे अंक होते आणि त्या अंकांनी घडवलेली सवय होती. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय परिभाषाकोशात सप्र्यांनी अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम उचलले. १९०६ मध्ये नागपुरात 'हिंदी ग्रंथमाला', १९०७ मध्ये 'हिंदी केसरी'. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहाखातर क्षमापत्र देऊन सुटका झाली, आणि त्याची बोच अशी लागली की ते सार्वजनिक जीवनातून बाजूला झाले. उमेद इतकी खचलेली असतानाही लेखणीची सवय उरली होती. रायपुरात रामदासी वृत्तीने राहून त्यांनी दासबोध हिंदीत आणला. पुढे लोकमान्यांचे गीतारहस्य आणि चिंतामण विनायक वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही. वामनराव लाखे रायपुरातच राहिले आणि सहकारी चळवळीच्या उभारणीत गुंतले. शहरातील लाखेनगर त्यांच्याच नावाचे.