द्राक्षवेलीचे वेळापत्रक
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा सारांश)





सातारा-सांगली भागात फळांचा व्यापार करणारी बागवान घराणी पुष्कळ आहेत. काहींच्या स्वतःच्या बागाही आहेत. म्हणून आज द्राक्षवेलीविषयी चार शब्द बोलतो.

थंड देशांत हिवाळ्यापूर्वी वेलीची पाने गळतात. गळण्याआधी त्यांतील बरेच नत्र काडीत, खोडात व मुळांत जाऊन साठते. आपल्याकडे तशी थंडी नाही. म्हणून तासगाव, मिरज भागात वेलीचे वर्ष कात्रीने ठरते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. छाटणीनंतरची पहिली कोवळी फूट मागच्या साठ्यावरच पोसते.

पुढे पानातील द्रव्ये सारखी बदलत राहतात. पान जून होते तसे त्यातील नत्र, स्फुरद व पालाश घटत जातात. कॅल्शियम मात्र वाढते, कारण एकदा पानात गेलेले कॅल्शियम सहसा परत फिरत नाही. मण्यांत पाणी उतरू लागले की पालाश घडाकडे धाव घेतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पान-देठ परीक्षणासाठी देठ कोणत्याही दिवशी तोडून चालत नाही. खरड छाटणीनंतर सुमारे 45 दिवसांनी काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यावा. फळछाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरील पानाचा घ्यावा. वेळ चुकली तर आकडे खरे असूनही अर्थ खोटा निघतो. मग शेजाऱ्याने टाकले म्हणून आपणही पोते रिकामे करतो. गरज नसता पालाश टाकला तर वेलीची मॅग्नेशियमची उचल घटते. पैसा जातो आणि पानेही पिवळी पडतात.

बाराव्या शतकात स्पेनमधील सेव्हिलच्या इब्न अल्-अव्वाम यांनी 'किताब अल्-फलाहा' हा शेतीवरील मोठा ग्रंथ अरबीत लिहिला. माती, खते आणि फळझाडे यांचा विचार त्यात आहे. हा वारसा केवळ अभिमानाने सांगून भागणार नाही. प्रयोगशाळेचा कागद घरात येतो, तेव्हा तो वाचणारे कोणी घरात हवे.

पालकहो, हंगाम आला की सातवी-आठवीतला मुलगा गाड्यावर बसतो आणि मुलीचे नाव शाळेतून निघते. चार दिवसांची मदत होते खरी; पण वेलीकडे पाहा. फेब्रुवारीत जो घड हाती येतो, तो मे-जूनमध्येच डोळ्यात सूक्ष्म रूपाने तयार झालेला असतो. त्या वेळी उपाशी राहिलेल्या वेलीला फळछाटणीनंतर कितीही खत घाला, घडांची संख्या वाढत नाही. मुलांचेही मे-जून हेच आहेत. ते हातचे जाऊ देऊ नका.

विद्यार्थ्यांनो, रसायनशास्त्राचे पुस्तक बागेत न्या आणि बागेतले प्रश्न वर्गात आणा.