पळतो, म्हणून सिगारेट माफ?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय मीच मागून घेतला. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आकडे आणि आलेख वाचणं हे माझं रोजचं काम, आणि आज बोलणार आहे तेही एका आलेखाबद्दलच.

आमच्या ऑफिसच्या गेटबाहेर रोज अकराला आणि चारला पंचविशीतली पोरं सुट्टा ब्रेकला उभी असतात. त्यातली काही पहाटे उठून दहा-दहा किलोमीटर पळणारी. विचारलं की उत्तर ठरलेलं : “मॅम, रनिंग करतो ना, बॅलन्स होतं.”

हे बॅलन्स होत नाही. का, तेवढंच सांगते.

स्पायरोमीटर नावाचं एक साधं यंत्र असतं. खोल श्वास घ्यायचा आणि नळीत जिवाच्या आकांताने फुंकायचं. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, हा त्यातला महत्त्वाचा आकडा. निरोगी तरुण माणसात तो साधारण ३ ते ४ लिटर असतो. लहानपणापासून वाढत वाढत तो विशी-पंचविशीत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. कधीही सिगारेट न ओढलेल्या माणसाचाही उतरतो, वर्षाला साधारण ३० मिलिलिटर. म्हणजे आपल्या बॅचचा उतार कधीच सुरू झाला आहे, केस रंगवले तरी!

ब्रिटनच्या फ्लेचर आणि पेटो या संशोधकांनी लंडनमधल्या नोकरदार पुरुषांच्या आठ वर्षांच्या मोजमापांवरून १९७७ मध्ये हा उतार मांडला. सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ज्यांना धूर बाधतो, त्यांचा उतार फार तीव्र निघाला. सगळ्यांनाच तेवढा बाधत नाही, पण आपण कुठल्या गटात आहोत हे आधी कळत नाही. सोडली की उताराचा वेग न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो. गेलेलं मात्र बहुतेक परत येत नाही.

आणि ज्यांचं शिखरच अजून गाठायचं आहे त्यांचं काय? अमेरिकेतल्या सहा शहरांत १० ते १८ वयाच्या मुलामुलींची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली, त्याचे निष्कर्ष १९९६ मध्ये आले. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढच मंदावली होती, आणि मुलींमध्ये ते जास्त दिसलं. मागच्या रांगेतल्या पोरींनो, हे तुमच्यासाठी.

आता व्यायाम. पळण्याने फुप्फुसं मोठी होत नाहीत. त्यांचा आकार मुख्यतः उंची, वय आणि स्त्री-पुरुष यावर ठरतो. सुधारतं ते हृदय आणि स्नायू. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, स्नायू त्यातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरतात. म्हणून दम टिकतो. इथेच खरी मेख आहे. फुप्फुसांत मुळात राखीव क्षमता भरपूर, त्यात व्यायामाने दम वाढलेला. आतली गळती जाणवतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बिघडतोय, पण स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतंय.

शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट ओढीने चिकटतो. म्हणजे पळून कमावलेल्या ऑक्सिजनवर पहिला डल्ला त्याचा. तरी बरं, सोडल्यावर एक-दोन दिवसांत तो रक्तातून जवळजवळ निघून जातो. व्यायाम उगाच नाही, हेही सांगते. तलफ आली की दहा मिनिटं झपझप चालल्याने ती ओसरते. पळणाऱ्यांनी पळणं सोडू नये, दुसरं सोडावं.

आपल्या वयाच्या मंडळींनी ‘आता काय उपयोग’ म्हणू नये. ब्रिटनमधल्या पुरुष डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षं नोंद ठेवली गेली. तिशीला सिगारेट सोडणाऱ्यांना ओढत राहणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आयुष्य जास्त मिळालं, चाळिशीला सोडणाऱ्यांना ९, पन्नाशीला ६, साठीला ३. आपण ९ आणि ६ च्या मध्ये उभे आहोत. ज्यांच्या खिशात आत्ता पाकीट आहे (नावं घेत नाही, वहिनी समोर बसल्या आहेत), त्यांनी एकदा स्पायरोमीटरवर फुंकून स्वतःचा आकडा बघावा.

शेवटी एक काम. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखू-सिगारेट विकता येत नाही. आज येताना फाटकासमोरची टपरी सगळ्यांनी पाहिली. मुख्याध्यापकांनी अर्ज द्यायची तयारी दाखवली आहे, त्याला अंतर लिहून जोडायचं आहे. मोजायची टेप माझ्या गाडीत आहे. जेवणानंतर दोघंजण हवेत, एक टोक धरायला आणि एक आकडा लिहून घ्यायला.