जोन्सबाईंचे सूत्र आणि उसाचा भाव



 आजचे बोलणे मुख्यतः मागच्या रांगांत बसलेल्या एम.कॉम., पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पुढच्या रांगांतल्या प्राध्यापकांनी मात्र निर्धास्त राहू नये.

लेखाशास्त्रातल्या आपल्या पदव्युत्तर संशोधनाचा साचा ठरून गेला आहे. एखादी बँक निवडायची, पाच वर्षांचे ताळेबंद जमवायचे, गुणोत्तरे काढायची आणि ‘तरलता समाधानकारक आहे’ असे लिहून प्रबंध बांधायला द्यायचा. नाहीतर प्रश्नावली छापून व्यापाऱ्यांची जीएसटीविषयीची जागरूकता मोजायची. गुणोत्तर काढणे हे कारकुनी कौशल्य झाले. तो आकडा तसाच का आला, तसा दाखवण्यात कोणाचे हित होते, हे विचारले की संशोधन सुरू होते.

1968 साली रे बॉल आणि फिलिप ब्राऊन यांनी असाच साधा प्रश्न विचारला : कंपनी वार्षिक नफा जाहीर करते, त्यातले बाजाराला नवे किती असते? बहुतांश माहिती जाहीर होण्याआधीच शेअरच्या भावात उतरलेली असते, असे त्यांना आढळले. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. संपादकांच्या मते ते लेखाशास्त्रच नव्हते! आज त्याच्यावाचून या विषयाचा एकही अभ्यासक्रम पुरा होत नाही.

जेनिफर जोन्स यांचा 1991 चा निबंध तर तुम्हा सर्वांच्या ओळखीचा. निदान त्यातले, नफ्यातला फेरफार हुडकणारे सूत्र तरी. परदेशी मालावर निर्बंध घाला, आम्ही बुडतो आहोत, अशी तक्रार अमेरिकी उद्योगांनी सरकारकडे केली होती. चौकशीच्या वर्षी नफा जितका कमी दिसेल तितके संरक्षण मिळण्याची आशा मोठी. जोन्स यांनी 23 कंपन्या घेतल्या आणि चौकशीच्याच वर्षी हिशेबातल्या, रोखीत न आलेल्या नोंदी नफा खाली ओढतात, हे दाखवले. हेतू आधी सापडला, सूत्र नंतर बांधले. आपण करतो काय? ‘प्रोवेस’ या माहितीसंचातून शेकडो कंपन्यांचे आकडे उतरवतो, सूत्र लावतो, संगणकाने दिलेले तक्ते चिकटवतो. जोन्सबाईंचे सूत्र आपल्याकडे येते, त्यांचा प्रश्न तिकडेच राहतो.

आता आपल्या घरचा प्रश्न पाहा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेला साखर कारखाना उभा राहिला, त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. सहकारी साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरीच मालक. कारखान्याचा शेअर बाजारात नाही, म्हणून बॉल-ब्राऊन यांचे हत्यार इथे चालत नाही. पण वर्षाअखेर उरलेली रक्कम उसाचा भाव म्हणून दिली तर खर्च, आणि कारखान्यातच ठेवली तर नफा. मग नफा मोजला जातो, की ठरवला जातो?

आयकर खात्याने हाच प्रश्न नोटिशीच्या भाषेत विचारला : किमान वैधानिक दरापेक्षा जास्त दिलेला भाव म्हणजे नफ्याची वाटणी, त्यावर कर भरा. कारखाने म्हणाले, हा तर कच्च्या मालाचा खर्च. भांडण वर्षानुवर्षे चालले. शासनाने ठरवलेल्या किंवा मान्य केलेल्या दरापर्यंतचा भाव 2016-17 या करनिर्धारण वर्षापासून खर्च धरायची तरतूद 2015 च्या वित्त कायद्याने केली. आधीच्या वर्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तासगाव कारखान्याच्या प्रकरणात सांगितले, की जादा दरात नफ्याचा अंश आहे. तो किती, हे हिशेबावरून ठरवा. शेवटी 2023 च्या अर्थसंकल्पाने त्या जुन्या वर्षांनाही मोकळीक दिली आणि दिलासा सुमारे 10,000 कोटी रुपयांचा असल्याचे सांगितले.

दहा हजार कोटी, आणि वाद निव्वळ एका नोंदीच्या जागेचा! पुरवठादार आणि मालक एकच असेल, तर ‘संस्था मालकापासून वेगळी असते’ हे आपण पहिल्या वर्षाला शिकवतो ते गृहीतक कितपत टिकते? तरतूद बदलण्याआधी आणि नंतर कारखान्यांनी दाखवलेला नफा बदलला का? साखरसाठ्याचे मूल्यांकन सरकले का? कराच्या भीतीने नफा खाली जातो, तर बँकेकडे कर्ज मागताना तोच वर दिसावा असे वाटते. कोणती ओढ कोणत्या वर्षी जिंकली? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक प्रबंध होईल.

माहिती तयार मिळणार नाही. वार्षिक सभेआधी वाटले जाणारे अहवाल गोळा करावे लागतील, लेखापरीक्षकांचे शेरे वाचावे लागतील, पुण्याच्या साखर आयुक्तालयात खेटे घालावे लागतील आणि मुख्य लेखापालासमोर बसून तो काय सांगत नाही तेही ऐकावे लागेल. आकडेशास्त्र थोडे कमी पडले तरी मी चालवून घेईन, हे ऐकणे कमी पडलेले चालणार नाही.

मार्गदर्शकांना माझे सांगणे एवढेच, की असा विषय घेऊन विद्यार्थी आला तर ‘संदर्भ मिळणार नाहीत’ म्हणून त्याला पुन्हा प्रश्नावलीकडे वळवू नका. आणि कारखान्यांचे जे पदाधिकारी आज इथे आले आहेत, त्यांना विनंती : 2010 पासूनचे अहवाल कपाटात असतील, ते या मुलांना पाहू द्या.