हाती न आलेल्या मालाचे सीमाशुल्क

परदेशातून मागवलेला माल आयातदाराच्या हाती पडलाच नाही, तर त्याचे शुल्क कोणी भरायचे हे माल कुठे आणि केव्हा गेला यावर ठरते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी तरतूद आहे. तंटे बहुधा दोन टप्प्यांच्या सांध्यावर उभे राहतात.

जहाजात चढवलेला माल भारतात उतरला नाही किंवा कमी उतरला आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर कलम ११६ नुसार जहाजाच्या प्रभारी व्यक्तीला शुल्काच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण अशा मालाची आयात झाली असे म्हणायचे का? मंगलोर रिफायनरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. कच्चे तेल समुद्रप्रवासात काहीसे घटते, त्यामुळे बिल ऑफ लेडिंगवरचा आकडा आणि किनाऱ्यावरच्या टाकीत मोजलेले तेल जुळत नाही. शुल्क मूल्यावर आहे आणि आयातदाराने पूर्ण तेलाची किंमत मोजली आहे, तेव्हा घट विचारात घ्यायची नाही, अशी विभागाची भूमिका होती. न्यायालयाने ती नाकारली. कर आयातीवर आहे, परदेशातल्या खरेदीवर नाही. म्हणून टाकीत आले तेवढ्यावरच शुल्क. उलट सांगणारे परिपत्रकही टिकले नाही. हा निकाल केवळ तेलापुरता वाचणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

माल उतरल्यावर तीन कलमे लागू होतात. गृहवापरासाठी किंवा गोदामात ठेवण्यासाठी आदेश निघण्यापूर्वी भुरटी चोरी झाली, तर कलम १३ नुसार आयातदार शुल्कातून सुटतो आणि कलम ४५(३) नुसार ते माल ताब्यात असलेल्या अभिरक्षकाकडून वसूल होते. आगीत किंवा अन्य कारणाने माल नष्ट झाला अथवा हरवला, तर कलम २३ खाली शुल्क माफ होते. मात्र त्या कलमातून भुरटी चोरी स्पष्टपणे वगळली आहे.

खरा पेच ‘आउट ऑफ चार्ज’ आदेशानंतरचा, म्हणजे माल गृहवापरासाठी सोडण्याचा आदेश निघाल्यानंतरचा आहे. शुल्क भरून झालेले असते, कंटेनर अजून यार्डातच असतो. तेव्हा आग लागली तर कलम २३ चा आधार मागता येतो. भुरटी चोरी झाली तर कलम १३ ची मुदत टळलेली असते आणि कलम २३ चे दार बंद असते. अभिरक्षकाने भरलेले शुल्कही सरकारजमा होते, आयातदाराला मिळत नाही. दोन्ही प्रसंगी आयातदार सारखाच निर्दोष असल्याने ही विसंगती संसदेने दूर करायला हवी.

परताव्यासाठी कलम २७ नुसार साधारण एक वर्षाची मुदत आहे. न मिळालेला माल विकला जात नाही, तरी शुल्काचा बोजा दुसऱ्यावर टाकला नाही हे आयातदारालाच सिद्ध करावे लागते. ती रक्कम वह्यांत ‘येणे’ न दाखवता खर्ची टाकली असेल, तर दावा अडतो. शुल्काच्या किंवा दंडाच्या मागणीचा आदेश विरुद्ध गेला, तर पहिल्या अपिलासाठी वादग्रस्त रकमेच्या ७.५ टक्के आधी भरावे लागतात.

म्हणून आयातदारांच्या सल्लागारांनी अशिलांना मालाच्या पाहणीचा आग्रह माल फाटकाबाहेर पडण्यापूर्वीच धरायला लावावा. कंटेनरचे सील मूळ क्रमांकाचे व अभंग असूनही माल कमी भरला, तर तो परदेशातच कमी चढवला गेल्याची शक्यता बळावते. सील बदललेले असेल, तर संशय वाटेतल्या किंवा यार्डातल्या चोरीकडे वळतो. पाहणी अहवाल, अभिरक्षकाचा तुटीचा दाखला आणि पोलिस तक्रार यांवरच लागू कलम ठरते.