घोड्याचे ऋण आणि आपली नोंदवही
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेले भाषण)



आषाढात वाखरीजवळ बाजीराव विहिरीच्या मैदानावर माउलींच्या अश्वाचे रिंगण होते. अश्व दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. सांगोल्याहून जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती लावली असेल. घोड्याचे दुसरे एक देणे आपल्या अपघात विभागाच्या कपाटात आहे; त्याविषयी आज बोलावयाचे आहे.

सर्पदंशावरील लस म्हणून आपण जी ओळखतो, ते प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला प्रथम अत्यल्प, मग वाढत्या मात्रेत टोचतात. काही आठवड्यांत त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातील द्रवभाग शुद्ध करतात व वाळवून कुपीत भरतात. आपल्या राज्यात ही परंपरा हाफकिनची. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेगच्या संशोधनासाठी स्थिरावलेल्या या संस्थेला १९२५ मध्ये डॉ. हाफकिन यांचे नाव मिळाले.

या व्यवहारात घोड्याच्या पदरी काय पडते, असा प्रश्न गेल्या वर्षी एका रुग्णाच्या आजीने आम्हांला विचारला. तेव्हा आम्ही निरुत्तर झालो होतो. आज थोडे सांगता येईल. धनुर्वाताला घोडा माणसाहूनही लवकर बळी पडतो. त्यावरचे प्रतिविषही घोड्याच्याच रक्तातून निघाले. पहिल्या महायुद्धात ते जखमी सैनिकांच्या कामी आले, आणि जखमी घोड्यांनाही ते देता येते. रक्तद्रव काढून घेतल्यावर तांबड्या पेशी पुन्हा त्याच घोड्याच्या शरीरात सोडण्याची पद्धत आली, त्यामुळे त्याला येणारा अशक्तपणा कमी होतो. तरीही हिशेब बरोबरीचा झाला, असे आम्ही म्हणणार नाही.

तो बरोबरीकडे नेण्याचा मार्ग संशोधनाचा आहे. कुपीतील सगळीच प्रतिपिंडे सर्पविषाविरुद्ध काम करीत नाहीत. बराच भाग घोड्याने आयुष्यात अन्य रोगजंतूंशी दिलेल्या झुंजीतला असतो. शिवाय प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सहकारी संस्थेकडून येते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रांताप्रांतांत वेगळे असते. कुपी अधिक नेमकी झाली तर रुग्णाला कुप्या कमी लागतील, घोड्याच्या प्रथिनांमुळे उठणाऱ्या गांधी, दम लागणे, रक्तदाब कोसळणे हे प्रकार घटतील, आणि तितक्याच रुग्णांसाठी घोड्याचे रक्तही कमी काढावे लागेल. दोघांचे हित येथे एकच आहे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. ही मृत्युसंख्या २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला.

आपला वाटा कोणता? येथे आमची चूक प्रथम कबूल करतो. आमच्या जुन्या केसपेपरांवर बहुधा ‘साप चावला’ एवढेच लिहिलेले आढळते. डाळिंबाच्या बागेत दगड उचलताना चावला, उसाला पाणी देताना, की रात्री जमिनीवर झोपेत. किती वेळाने रुग्ण आला. किती कुप्या लागल्या. घोणसदंशानंतर मूत्रपिंडे बिघडून डायलिसिस करावे लागले का. हे लिहिलेच गेले नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला की आम्ही कागद मिटत होतो. प्रयोगशाळेत बसलेल्या संशोधकाला माणदेशातील दंश कळायचा तो अशाच नोंदींतून.

म्हणून देणगीदारांकडे यंदा इमारतीसाठी नव्हे, तर एका प्रशिक्षित परिचारिकेच्या वर्षभराच्या वेतनासाठी मागणे आहे. प्रत्येक दंशाची नोंद ती ठेवील, रुग्णाचे नाव वगळून संशोधन संस्थांना पाठवील आणि घरी गेलेल्या रुग्णांची महिन्याने चौकशी करील. दगडमातीच्या कामापुढे हे मागणे किरकोळ वाटेल, विश्वस्तांपैकी काहींना वाटलेही. त्यांच्याशी आमची चर्चा अजून चालू आहे.

नातेवाइकांना एक विनंती: सापाला मारून, पिशवीत घालून आणू नका. त्यात वेळ जातो, आणि दुसरा दंशही होतो. दुरूनच छायाचित्र मिळाले तर ठीक, नाहीतर तसेच निघा. कोरी नोंदवही अपघात विभागाच्या टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर ती अवश्य पाहावी आणि रकान्यांत काही राहिले असल्यास सांगावे.