विरजण हलवू नका

मी तीस वर्षं डोंबिवलीत बालवाडी चालवली. आज मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण या वेळेला तुमच्यापैकी कितीतरी जणी कुकर लावता लावता ऐकत असतील. संध्याकाळी घरात पाऊल टाकल्यावर पहिली पंधरा मिनिटं मुलाला एकही प्रश्न विचारू नका.

"डबा संपवलास का? डायरी दाखव. पेपर मिळाले? शर्टावर काय सांडलंस?" चपला काढता काढता आपण एवढं विचारून मोकळे होतो. बालवाडीत भातुकली मांडली की आई झालेली मुलगी दारातून आत यायची, खांद्यावरची पर्स काढायची आणि बाहुलीला हेच विचारायची. बाहुलीच्या उत्तरासाठी ती थांबायची नाही. दरवर्षी मुली बदलल्या, प्रश्न तेच राहिले.

घरी दही लावता ना? दूध कोमट करायचं, चमचाभर विरजण घालायचं, झाकण ठेवून पातेलं कोपऱ्यात सरकवायचं. मग त्याला हात लावायचा नाही. दर पाच मिनिटांनी झाकण काढून चमचा फिरवला तर दही कसं लागेल? मुलाचं बोलणंही असंच लागतं. आपण शेजारी असतो ती ऊब, आणि आपले प्रश्न म्हणजे तो चमचा.

माझा मुलगा तिसरीत होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी मी फार दमले होते. काही न विचारता मेथी निवडायला बसले. तो शेजारी येऊन काड्या मोडत बसला. बऱ्याच वेळाने खाली बघतच म्हणाला, "आई, डबा खाताना माझ्याजवळ कुणी बसत नाही." डबा रोज रिकामा येत होता. मी रोज विचारत होते, तो रोज "हो" म्हणत होता, आणि ते खरंच होतं. पोराने महिनाभर एकट्याने डबा खाल्ला, ते मला त्या मेथीच्या जुडीमुळे कळलं.

पालक म्हणतात, "बाई, लोकलमधून उतरून घरी पोचायलाच साडेआठ वाजतात, वेळ कुठून आणू?" अहो, वेगळा वेळ काढा असं मी म्हणतच नाही. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, फक्त फोन लांब ठेवा आणि प्रश्न गिळा. बाबांनो, हे तुम्हालाही सांगतेय. आणि रविवारी मॉलमध्ये नेऊन आठवड्याची भरपाई करू नका. विरजण जास्त झालं की दही आंबट होतं.

मुलाच्या जवळ जाण्याचं एक उदाहरण सांगते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ रागावल्या नाहीत, बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ती तिथली. आपलं मूल तर एका खोलीपलीकडे असतं. त्याच्या अंगणात जायला आपल्याला किती पावलं लागतात?

हे जवळ जाणं जेवतानाही हवं, पण तेव्हा आपण मुलाच्या हातात मोबाइल देतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. पण तासापेक्षाही, घास भरवताना आपण त्याच्याकडे बघत नाही, हे मला जास्त खुपतं.

मग पुन्हा एकदा ऐका. आज घरी गेल्यावर पंधरा मिनिटं प्रश्न नाहीत. पहिल्या दिवशी मूल काहीच बोलणार नाही, दुसऱ्या दिवशीही कदाचित नाही. थंडीत दह्याला वेळ लागतोच. झाकण काढू नका, जवळ बसा.