नवा हेडफोन, जुने कान



नवा हेडफोन घरात आला की हल्ली घरातली तरुण मंडळी आधी एकच चौकशी करतात : याला किती तास नॉइज लावून ठेवायचा? कुणी 50 तास सांगतं, कुणी 100, कुणी 200. समज असा, की खरखराटाचा ट्रॅक तासन्‌तास वाजवला की आतला पडदा मोकळा होतो, टोचणारे वरचे स्वर मवाळ होतात आणि खर्ज भरून येतो. या प्रकाराला बर्न-इन किंवा ब्रेक-इन म्हणतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हेडफोन बदलतो, पण अगदी थोडा. तो बदल साधायच्या नादात आपण आपल्या कानांत जो बदल करून घेऊ शकतो तो फार मोठा असतो, आणि तो परत फिरवता येत नाही. आजचं व्याख्यान त्यासाठी आहे.

आधी या समजुतीचं मूळ पाहू. आज समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून स्कूटर घेतली असेल. ती आली की पहिले काही शे किलोमीटर कुणी पळवत नसे. "गाडी अजून रनिंगमध्ये आहे" असं अभिमानाने सांगितलं जाई. त्यात तथ्य होतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांवर घासून नीट बसायला तेवढा अवधी लागतो. यंत्र नवं असताना त्याला सवड द्यावी, ही शिकवण आपल्या हाडीमाशी मुरली ती तिथून.

मोठ्या स्पीकरच्या बाबतीतही ती खरीच आहे. वूफरच्या कोनाला मागून एक सुरकुत्यांचं कापडी कडं धरून ठेवतं, त्याला स्पायडर म्हणतात. कोनाच्या कडेला रबराची किंवा फोमची पट्टी असते. नव्या वूफरचा स्पायडर ताठ असतो. कोन जोरात मागेपुढे हलू लागला की तो सैलावतो आणि स्पीकरची अनुनाद वारंवारिता काहीशी खाली येते. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकरच्या गणिताची जी चौकट घालून दिली, तिच्यातले आकडे मोजण्याआधी वूफर थोडा वाजवून घेतात तो याच कारणाने.

आता हा हेडफोन पाहा. मी कानावरची गादी काढतो. आत जाळी, आणि जाळीमागे हा पडदा. याचा व्यास साधारण 40 मिलिमीटर. पॉलिएस्टरची ही फिल्म इतकी पातळ आहे की बोट लागलं तर कायमची घडी पडेल. मागे चुंबक आहे. पडद्याला चिकटवलेली तांब्याच्या बारीक तारेची कॉइल त्या चुंबकाच्या फटीत तरंगते. यात स्पायडर नाही आणि रबराची कडही नाही. पडद्याचीच कड नागमोडी केली आहे आणि तीच लवते. शिवाय कानाशी ऐकू येण्यासाठी या पडद्याला हलावं लागतं ते वूफरच्या मानाने नगण्य. म्हणजे सैल व्हायला इथे फारसं काही नाहीच.

हे मोजूनही पाहिलेलं आहे. अमेरिकेतले हेडफोन-परीक्षक टिल हर्टसेन्स यांनी 2011 च्या सुमारास एकेजीच्या क्यू 701 या हेडफोनला पिंक नॉइज लावून ठेवला आणि अधूनमधून त्याची मोजमापं घेतली. फरक सापडला, पण फारच लहान. हेडफोन डोक्यावर जरासा पुढेमागे सरकला तरी आलेख सहज हलतो, हे अशी मोजमापं घेणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. गादीचं तर विचारूच नका. आतला फोम कानाच्या उबेने आणि दाबाने मऊ होतो, गादी चेहऱ्याला नीट टेकू लागते, हवा झिरपायची थांबते आणि खर्ज वाढतो. चष्म्याची काडी मध्ये आली तर तोच खर्ज पुन्हा गळतो. पण गादी मऊ व्हायला हेडफोन डोक्यावर घालावा लागतो. टेबलावर ठेवून रात्रभर नॉइज वाजवल्याने ती मऊ होत नाही.

नॉइजचे प्रकार झटपट सांगतो. रेडिओवर स्टेशन न लागता येणारा खरखराट साधारण व्हाइट नॉइजच्या जातीचा. त्यात प्रत्येक हर्ट्‌झच्या वाट्याला सारखी ऊर्जा येते. वरच्या सप्तकात हर्ट्‌झ दुप्पट, म्हणून ऊर्जाही दुप्पट, आणि म्हणून तो कानाला कर्कश लागतो. पिंक नॉइजमध्ये दर सप्तकाला 3 डेसिबलने ऊर्जा उतरत जाते, त्यामुळे मंद्र, मध्य आणि तार या तिन्ही सप्तकांना सारखा वाटा मिळतो. ब्राउन नॉइज दर सप्तकाला 6 डेसिबलने उतरतो, त्यात सगळा भर खर्जावर. हेडफोनला वाजवायचंच असेल तर पिंक नॉइज घ्यावा. पडद्याचं सगळं काम त्यात येतं आणि कुठल्याही एका भागावर जास्तीचा ताण पडत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि इथे जरा सावकाश बोलणार आहे.

अनेक जण हा नॉइज हेडफोन कानावर ठेवूनच ऐकतात. अभ्यास करताना, झोपताना, लोकलमध्ये. डब्यातला खडखडाट बुडवायचा म्हणून आवाज आणखी चढवतात. गाण्यात श्वास असतो. गायक थांबतो, तबला सुटा वाजतो, दोन ओळींमध्ये पोकळी असते. नॉइजमध्ये विसावा नाही. म्हणून आवाजाचं बटण त्याच खुणेवर असलं तरी नॉइजचा मारा गाण्यापेक्षा जड पडू शकतो. त्यातच एकसुरी आवाजाची कानाला सवय होते. थोड्या वेळाने तो हळू झाल्यासारखा वाटतो आणि बोट पुन्हा बटणाकडे जातं.

आतल्या कानात, कॉक्लिआमध्ये, प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी ऐकलेलं मेंदूकडे पाठवतात, बाकीच्या आवाज वाढवण्याचं आणि निवडण्याचं काम करतात. माणसात या पेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात. कानात गुंई वाजतं, सगळं बोळा घातल्यासारखं वाटतं, आणि काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणं पूर्ववत होतं. आणि सगळ्या वारंवारितांना हा थकवा सारखा बसत नाही. 3 ते 6 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्याला तो सर्वांत जास्त बसतो. कारखान्यातल्या कामगारांची श्रवणचाचणी केली तर आलेखातला खड्डा बहुधा 4 किलोहर्ट्‌झपाशी दिसतो तो यामुळेच.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. नव्या हेडफोनबद्दल तक्रार काय असते? वरचे स्वर टोचतात. हे टोचणं बऱ्याचदा याच पट्ट्यातलं असतं. माणूस दोन तास मोठ्या आवाजात नॉइज कानावर घेऊन बसतो, मग आवडतं गाणं लावतो आणि आनंदाने सांगतो, हेडफोन मवाळ झाला. हेडफोन होता तसाच असतो, त्याचा कान तात्पुरता बधिर झालेला असतो. ज्या अनुभवाला तो बर्न-इनचा पुरावा समजतो, तीच इजेची पहिली खूण असू शकते. या विषयातली सर्वांत धोक्याची गफलत मला हीच वाटते, कारण तिच्यात इजा बक्षिसासारखी भासते. ज्याला फायदा दिसला तो उद्या आणखी दोन तास लावणार.

कुणी म्हणेल, तात्पुरतं आहे ना, मग काय बिघडलं? 2009 साली बोस्टनमध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग याचं उत्तर देतो. उंदरांना 2 तास 100 डेसिबलचा नॉइज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे सांधे तपासले, तेव्हा कॉक्लिआच्या काही भागात निम्म्याच्या आसपास सांधे कायमचे गेलेले आढळले. माणसात हे नेमकं किती आवाजाला आणि किती प्रमाणात घडतं यावर अभ्यास चालू आहे. तरीही "परत ऐकू यायला लागलं म्हणजे काही झालं नाही" असं छातीठोकपणे म्हणण्याची सोय या प्रयोगानंतर उरली नाही.

हिशेब सोपा आहे, तो लिहून ठेवा. मोठ्या माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास. लहान मुलांसाठी 75 डेसिबल, 40 तास. दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 83 ला 20 तास, 86 ला 10 तास, 89 ला 5 तास. 100 डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा 20 ते 25 मिनिटांत संपतो. हा वाटा गाणी, सिनेमे, फोनवरचं बोलणं या सगळ्यांचा मिळून आहे. त्यातले तास नॉइजवर कशाला खर्च करायचे?

तरीही कुणाला नॉइज वाजवून पाहायचाच असेल तर माझी हरकत नाही. रीत तेवढी सांभाळा. हेडफोन डोक्यावर घालून ओळखीचं गाणं लावा आणि खोलीतलं बोलणं थोडंफार ऐकू येईल इतपत आवाज ठेवा. मग हेडफोन काढा, टेबलावर ठेवा, नॉइजचा ट्रॅक चालू करा आणि बटणाला हात लावू नका. दोन्ही कप टेबलावर पालथे दाबून ठेवू नका. आत कोंडलेली हवा पडद्यावर दाब देते. तासाभराने थोडा वेळ बंद करा. तपासायला कानाला लावण्याआधी नॉइज थांबवा, आवाज तळाला न्या आणि मग हळूहळू चढवा.

पडदा जळेल का, अशीही भीती असते. फोनला जोडला असेल तर बहुतेक नाही. पुष्कळसे हेडफोन 1 मिलिवॉटमध्ये 100 डेसिबलच्या आसपास आवाज देतात. त्या हिशेबाने 80 डेसिबलला लागतो मिलिवॉटचा शंभरावा भाग, त्यात कॉइल तापत नाही. मात्र टेबलावरचा ॲम्प्लिफायर 1 वॉट, म्हणजे 1000 मिलिवॉट देऊ शकतो. पुष्कळ हेडफोनची सहनशक्ती काही शे मिलिवॉटची असते. बटण चुकून पूर्ण फिरलं तर कॉइलवरचा लाखेचा मुलामा भाजतो, आणि हेडफोन त्या क्षणी कानावर असेल तर कॉइलची चिंता करायला वेळच मिळत नाही. एकाच स्वराची चढती पट्टी, ज्याला स्वीप म्हणतात, ती मोठ्या आवाजात तर मुळीच वाजवू नका. सगळी ताकद एका वेळी एकाच वारंवारितेवर येते आणि अनुनादाच्या जागी पडदा गरजेपेक्षा जास्त हलतो.

कानात घालायच्या इअरफोनमध्ये काही ठिकाणी बॅलन्स्ड आर्मेचर नावाची वेगळी रचना असते. तिथे सैलावण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. ब्लूटूथ हेडफोनला रात्ररात्र नॉइज लावला तर आयुष्य खर्ची पडतं ते बॅटरीचं.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. 200 तास म्हणजे रोजचे 8 तास धरले तर 25 दिवस. ऑनलाइन घेतलेला माल परत करायची मुदत बऱ्याचदा 7 किंवा 10 दिवसांची असते. "अजून बर्न-इन व्हायचाय" म्हणत थांबलं की मुदत निघून जाते आणि न आवडलेला हेडफोन गळ्यात पडतो. म्हणून पहिल्याच दिवशी शांत खोलीत, बेताच्या आवाजात, ओळखीची चार गाणी लक्ष देऊन ऐका. गायकाचा आवाज बरोबर मध्ये येतो का, डावा कप उजव्यापेक्षा हळू वाजतो का, तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेला कुठे फरफर होते का, हे तपासा. घासणारी कॉइल नॉइजने सरळ होत नाही आणि दोन कपांतला फरक शंभर तासांनी भरून निघत नाही. असं काही आढळलं तर बिल आणि खोका घेऊन त्याच आठवड्यात दुकान गाठा.